आर्केड गेमच्या नाणी टाकायच्या दारामागचे एलईडी का जळून जातात?
नाणे टाकून खेळायच्या गेमच्या जुन्या कॅबिनेटमध्ये (खोक्यामध्ये) मूळ बल्ब काढून त्याच तारांना रेझिस्टरसह (प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या रोधकासह) जोडलेले एलईडी काही दिवसांतच मंदावले, अशी तक्रार आहे. दोष बहुधा रेझिस्टरचा नसून विजेच्या प्रकाराचा आहे. अनेक जुन्या कॅबिनेटमध्ये हे दिवे ट्रान्सफॉर्मरच्या ६.३ व्होल्ट एसीवर (दिशा सतत बदलणाऱ्या विजेवर) चालतात, ज्याचे शिखर सुमारे ८.९ व्होल्टपर्यंत जाते, तर साधा एलईडी उलट दिशेने साधारण ५ व्होल्टच सहन करू शकतो. म्हणून ३३० ओहमचा रेझिस्टर ठेवून एलईडीला समांतर, पण उलट दिशेने, १एन४१४८ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडावा. मग उलट अर्धचक्रातला प्रवाह त्यातून वाहून जातो. लुकलुक तरीही थोडी राहील.

स्टार्ट बटणांचे दिवे मात्र बहुतेकदा गेमच्या सर्किट बोर्डाच्या ५ व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) असतात. तिथे लाल एलईडीला २२० ओहम पुरतो, पण बोर्डावर आधीच रेझिस्टर आहे का ते पाहावे.

सोल्डर करण्यापूर्वी सॉकेटजवळची तार हलकेच वाकवून पाहा. उष्णतेने कडक झालेले आवरण तिथेच तडकते, आणि उघडी पडलेली तार दाराच्या पत्र्याला टेकली की फ्यूज जातो. माझ्या मते, नाण्याच्या खाचेमागचा रंगीत प्लास्टिकचा तुकडा ६.३ व्होल्टच्या ४७ क्रमांकाच्या मूळ बल्बनेच एकसारखा उजळतो; शक्य असेल तर तोच ठेवावा.