पळतात खरे, पण गाठीभेटी चुकतात

‘समुद्र तापला तर हे एवढेसे जीव दुसरीकडं जातील की, त्यात काय,’ असं कोपेपॉडबद्दल, म्हणजे माशांची पिल्लं ज्यांच्यावर जगतात त्या पाण्यातल्या बारीक कवचधारी जिवांबद्दल, एकानं लिहिलंय. जातात खरे. ईशान्य अटलांटिकमध्ये उबदार पाण्यातले कोपेपॉड १९६० ते १९९९ या काळात सुमारे १० अक्षांश उत्तरेकडं सरकले. पण उत्तर समुद्रात (नॉर्थ सी) गारव्यातला कॅलॅनस फिनमार्किकस हा कोपेपॉड घटला आणि त्याचा भाऊबंद हेल्गोलँडिकस वाढला, तिथं घोळ झाला. पहिल्याचा बहर वसंतात, दुसऱ्याचा शरदाच्या सुमारास. त्यांना खाणारी कॉड माशाची पिल्लं मात्र वसंतातच तोंड उघडून बसतात. आपल्याकडं पेरणी झाल्यावर महिनाभर पावसानं दडी मारावी, तसं हे.

जागेवरच जुळवून घेण्याचंही पाहिलंय. अकार्टिया टोन्सा नावाचा कोपेपॉड प्रयोगशाळेत १८ ऐवजी २२ अंशांच्या आणि जास्त आम्लधर्मी पाण्यात २५ पिढ्या वाढवला. काही पिढ्यांत सावरला, पण पूर्ण नाही. दोन्ही ताण एकदम आले की एकाचा इलाज दुसऱ्याला बाधतो.

बाय द वे, मराठवाड्यात समुद्र नसला तरी या कुळाशी आपली जुनी ओळख आहे. बारवेच्या पाण्यातला, कपाळावर एकच डोळा असलेला सायक्लॉप्स कोपेपॉडच. त्याच्यामार्फत नारू (अंगात वाढणाऱ्या जंताचा रोग) व्हायचा, म्हणून आमची आजी पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची. भारत नारूमुक्त झाला २००० मध्ये. फडकं अजून आमच्या माठावर आहे.