शब्दचर्चा: फुटबॉल क्लबची क्रयशक्ती, ऐपत की आणखी काही?

प्रश्न: युरोपातल्या फुटबॉलवर लेख लिहितोय. 'स्पेंडिंग पॉवर'ला 'क्रयशक्ती' लिहिलं, पण ते महागाईवरच्या अग्रलेखातलं वाटतं. वाक्य असं आहे: 'क्लबच्या क्रयशक्तीवर त्याचं ट्रान्सफरचं (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचं) धोरण ठरतं.' दुसरा शब्द सुचवाल का? आणि 'ट्रान्सफर'ला 'बदली' चालेल?

—

'बदली' नको. बदली खेळाडू म्हणजे सामना चालू असताना दुसऱ्याच्या जागी उतरणारा, वाचक तोच अर्थ घेईल. आयपीएलच्या सवयीने पुष्कळजण 'लिलाव' लिहितात, तेही चूक. २०२५ च्या आयपीएलसाठी प्रत्येक संघाची एकूण थैली, राखलेले खेळाडू धरून, सारखीच १२० कोटींची होती. युरोपात अशी समान थैली नसते, सौदा दोन क्लबांत आणि खेळाडूशी ठरतो. 'ट्रान्सफर' तसाच ठेवा, सगळ्यांना कळतो.

—

क्रयशक्ती ग्राहकाची किंवा रुपयाची. क्लबला मी 'ऐपत' म्हणेन. पण तुमचं वाक्यच मला अर्धं वाटतं. ऐपतीसोबत 'कुवत' (पैसा नीट वापरण्याची जाण) आणि 'मुभा' हे शब्दही घ्या, कारण तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

बार्सिलोना बघा. ऑगस्ट २०१७ मध्ये पॅरिसच्या क्लबने त्यांच्या नेमारसाठी २२.२ कोटी युरो मोजले. बार्सिलोनाचा हात एकदम सैल झाला, पण ते साऱ्या बाजाराला दिसत होतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ना, तसं झालं. त्याच महिन्यात डेम्बेले १०.५ कोटी युरो आणि वर अटींवर आणखी रक्कम कबूल करून घेतला, जानेवारीत लिव्हरपूलकडून कुटिन्यो त्याहून महाग. दोघांनाही नेमारची जागा भरता आली नाही. लिव्हरपूलने मात्र त्याच सुमारास ७.५ कोटी पौंडांत व्हॅन डाइक आणि पुढच्या उन्हाळ्यात गोलकीपर ॲलिसन आणला, आणि २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली. ऐपत दोघांकडे होती, कुवत एकाने दाखवली.

इंग्लंडच्या ब्रायटन क्लबची ऐपत बेताची. त्यांनी २०२१ मध्ये एक्वादोरहून कायसेदोला सुमारे ४५ लाख पौंडांत आणलं आणि २०२३ मध्ये चेल्सीला १० कोटींना विकलं, वर आणखी दीड कोटीपर्यंतची अट. कोवळा असताना ओळखायचा, खेळवायचा, भाव आला की सोडायचा. खिसा लहान असल्यामुळेच ही नजर कमवावी लागली, असं माझं मत.

—

'मुभा' कळली नाही. पैसे असतील तर अडवतं कोण?

—

नियम अडवतो. इंग्लंडचा न्यूकॅसल क्लब हे त्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी निधीने तो क्लब घेतला, तेव्हा वाटलं आता वाटेल तो खेळाडू येईल. पण प्रीमियर लीगच्या (इंग्लंडच्या अव्वल साखळी स्पर्धेच्या) त्या वेळच्या नियमानुसार तीन वर्षांत जास्तीत जास्त १०.५ कोटी पौंडांचा तोटा चालत होता. अंथरूण पाहून पाय पसरायचे, आणि ते अंथरूण क्लबच्या कमाईचं, मालकाच्या तिजोरीचं नाही. जून २०२४ अखेर हिशेब जुळवायला त्यांना इलियट अँडरसन विकावा लागला. लहानपणापासून तिथल्याच अकादमीत वाढलेला पोरगा. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटून दरवर्षी खर्चात धरतात, आणि विकताना उरलेली रक्कम वजा होते. घरच्या पोराला किंमत मोजलेलीच नसते, म्हणून आलेले सगळे पैसे नफा. ज्याच्यावर गावाचा जीव, त्यालाच हिशेबाचा कागद आधी बाहेर काढतो. मला हे फार लागतं.

—

हा नियम तोडला तर काय होतं तेही लिहा. त्याच लीगमधल्या एव्हर्टन क्लबचे नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण कापले होते, अपिलात ते ६ झाले.

—

प्रश्नकर्ता: आभार. 'ऐपत' घेतो, न्यूकॅसलच्या परिच्छेदात 'मुभा' लिहितो. 'ट्रान्सफर विंडो'ला, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याच्या ठरावीक काळाला, 'खिडकी' लिहिलं होतं, तेही खटकतंय.

—

'मुदत' लिहा. 'ट्रान्सफरची मुदत उद्या संपते' असं कुणीही बोलेल.