मार्त्सीचा मोनो बाख: स्टिरिओ कार्ट्रिज बदलू का?

खर्ज:
व्हायोलिनवादक योहाना मार्त्सीने १९५४-५५ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या बाखच्या एकल व्हायोलिन सोनाटा-पार्टिटांचा नवा, तीन तबकड्यांचा संच काल हाती आला. मूळ कोलंबिया कंपनीच्या तबकड्यांची किंमत मला कधीच झेपली नसती. डी मायनर पार्टिटामधला शेवटचा भाग, शाकोन, लावला आणि संपेपर्यंत जागचा हललो नाही. पण हळुवार जागी दोन्ही स्पीकरांतून बारीक चरचर येते. व्हायोलिन मात्र मधोमध, स्वच्छ. ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे एकाच चॅनलचं; माझं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) मात्र स्टिरिओ, दोन चॅनलचं आहे. मोनो घ्यावं का?

सुईदोरा:
आधी अँप्लिफायरवर मोनोचं बटण आहे का बघा. मोनो तबकडीच्या खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. धूळ आणि ओरखडे सुईला वर-खालीही हलवतात. दोन्ही चॅनल एकत्र केले की तो उभा आवाज आपसांत खोडला जातो.

तबकडीवेडा:
सहमत. जुन्या मोनो तबकड्यांना १ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई लागायची, नव्या छपाईला ०.७ मिल पुरते. आणि जुनं मोनो कार्ट्रिज घेतलंत तर स्टिरिओ तबकडीला लावू नका. त्यातल्या बऱ्याचशा सुया वर-खाली लवत नाहीत, खाच खरवडतात.

खर्ज:
बटण होतं! मागच्या बाजूला, सहा वर्षं हात लागला नव्हता. चरचर बरीच कमी झाली. शाकोन मेजरमध्ये शिरतो तिथे गज तारेला टेकतानाचा श्वाससुद्धा ऐकू आला. कार्ट्रिज तूर्त राहू दे. आज रात्री सी मेजरचा फ्यूग.