एलएलबीला मुंबई गाठू की सोलापुरातच राहू?

अशोकचौक_मुलगी: बी.कॉम. झालं. तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली, मार्क चांगले आहेत. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज पहिल्या पसंतीला टाकू का? महिन्याला आठ हजारांच्या वर घरून निघणार नाहीत, आई विड्या वळते. घरी तेलुगू, शाळा मराठी. इंग्रजी वाचते, बोलताना अडखळते. भिवंडीत मावशी आहे.

बाळीवेसकर: डोळे झाकून पुणे. भाचीला खोली अन् मेस धरून चौदा हजारांत झकास जमलं.

सातरस्ता_वकील: २६ वर्षं कोर्टात आहे. इथंच दयानंद लॉ कॉलेजला प्रवेश घ्या, संध्याकाळी सिनियर वकिलाकडं बसा. १८ ऑगस्ट २०२५ पासून आपली हायकोर्टाची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचला गेली. मुंबईत आता आपलं काय राहिलं?

शेंगाचटणी: मुंबईला गेलीस तर वंदे भारतनं जा, बसून आरामात.

रेल्वेलाइन्स: एवढं भाडं कशाला ओ? सिद्धेश्वर एक्सप्रेसला रात्री झोपायचं, सकाळी सीएसएमटी.

शेंगाचटणी: जनरलमध्ये कुठली झोप! मी दाराशी उभा राहून गेलोय.

चर्चगेट_आठवण: मी त्याच कॉलेजात शिकले. १८५५ चं कॉलेज, बाबासाहेब १९३५ ला तिथं प्राचार्य झाले. इंग्रजीला घाबरू नकोस. कॉन्ट्रॅक्ट अॅक्टचं कलम २(डी), ‘कन्सिडरेशन’ म्हणजे कराराचा मोबदला, मला काही केल्या कळेना. बाकावर शेजारी भिवंडीची पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातली मुलगी होती. तिनं सुताचा अॅडव्हान्स आणि कापडाची मजुरी यावरून ते समजावलं, मी तिला मराठी निकालपत्रं वाचून दाखवायचे. शिवाय हायकोर्ट चालत गाठता येतं, मागच्या बाकावर बसून युक्तिवाद ऐकता येतात. पण भिवंडीहून रोजचं येणं-जाणं जीव काढेल. वसतिगृह लागल्याशिवाय जाऊ नकोस.

बाळीवेसकर: मी तेच म्हणतोय, पुणे.

कागदपत्रं_आधी: फीचं कुणीच बोललं नाही. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. एसबीसी, म्हणजे विशेष मागास प्रवर्ग असेल तर कोणती सवलत लागू होते ते आधी विचारून घे. मात्र प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. उत्पन्नाचा दाखला आजच काढ. वसतिगृह नाही मिळालं तर राहण्या-जेवणाला पैसे देणाऱ्या सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज टाक.

सातरस्ता_वकील: दाखल्याला तलाठ्याकडं चार चकरा होतात. माझ्या मुलीच्या वेळी आठ झाल्या.

अशोकचौक_मुलगी: सगळ्यांचे आभार. दाखला काढायला टाकला. आई हजार विड्या नेऊन देते, तिथं सूप हलवून मूठभर छाट म्हणून बाजूला काढतात, त्याची मजुरी नाही. लहानपणापासून हे बघतेय. मला कामगार कायदाच शिकायचा आहे, आणि तो जिथं कोर्टात रोज लढवला जातो तिथंच. पहिली पसंती मुंबई टाकली. वसतिगृह लागेपर्यंत मावशीकडं राहीन, प्रवास करीन. आई म्हणते, तिकीट सिद्धेश्वरचं काढ.