२ मिमीच्या फळीसाठी घरगुती ड्रम सँडर: वेल्क्रो लावू की पेपर गुंडाळू?

फणसफळी, कुडाळ

नमस्कार मंडळी. मी हौसेने युकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) बनवतो. लाकूड फणसाचं, आमच्याच परड्यात पडलेल्या झाडाचं, माळ्यावर चांगलं सुकलेलं. बँडसॉवर चिरून ३.५ मिमीपर्यंत येतो. पाठ आणि बाजू मला २ मिमीच्या आसपास हव्यात, आणि नेमकं तिथेच अडतं. गावातल्या मिलवाल्याच्या थिकनेसरमध्ये (फळी एकसारख्या जाडीची रंधणारं मशीन) खाली पाट ठेवून एक फळी घातली, तर ब्लेडने ती उचलली आणि तुकडे बाहेर आले. हातरंध्याने करावं तर फणसाची रेषा बोटभर अंतरावर उलटते आणि खपल्या निघतात.

म्हणून ड्रम सँडर घरीच बनवायचं ठरवलंय, म्हणजे पॉलिश पेपर गुंडाळलेला फिरता रूळ, ज्याच्याखालून फळी घातली की ती घासून पातळ होते. जुन्या घरगुती चक्कीची १ एचपी, १४४० आरपीएमची मोटर आहे, चांगली चालते. बाकीचं सगळं जुळवायचंय. ड्रम पीव्हीसी पाइपचा करू, एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) करू, की लेथवरून लोखंडी टर्न करून आणू? त्यावर वेल्क्रो लावून पेपर चिकटवू की पेपर सरळ गुंडाळू? आणि फळी आपोआप आत ओढणारा पट्टा लागतोच का? यूट्यूबवर जो तो वेगळं सांगतो. ज्यांनी स्वतः बनवून वापरलंय त्यांनी सांगा.

टर्नरकाका, इचलकरंजी

फणसफळी भाऊ, माझी सगळी नोकरी लेथवर गेली, तरी सांगतो: ड्रम लेथवर टर्न करून आणू नका. एमडीएफचाच करा.

कारण बघा. लेथवर ड्रम कितीही गोल झाला तरी तो तुमच्या टेबलाशी समांतर बसेल याची खात्री काय? बेअरिंगखाली पत्र्याचे तुकडे सरकवत बसाल. २ मिमीच्या फळीत एका कडेला पाव मिलिमीटर जास्त गेला तर ती बाजू वाकवताना तिथेच मोडणार. एमडीएफचा ड्रम जागेवर बसवून, त्याच मोटरवर फिरवत, त्याच टेबलावरून घासून गोल करता येतो. तो गोल होतो तेव्हाच टेबलाशी समांतरही होतो. या मशीनमध्ये महत्त्वाचं काम एवढंच आहे. मोटर, पुली, पट्टा हे कोणीही जोडतो.

१८ मिमी एमडीएफच्या चकत्या ११० मिमीच्या कापा, मधे २० मिमी भोक. शाफ्ट २० मिमीचा ब्राइट बार, बेअरिंग यूसीपी २०४, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. चकत्या एकमेकींना आणि शाफ्टला इपॉक्सीने चिकटवा, आणि दोन्ही टोकांच्या चकत्यांतून शाफ्टच्या आरपार ५ मिमीची पिन मारा. इपॉक्सीच्या भरवशावर राहू नका, गरम झालं की ते सोडतं. ड्रम ३०० मिमी लांब पुरे. टेनर युकुलेलेची जोडलेली पाठसुद्धा त्यात आरामात जाते. ४५० मिमीच्या मोहात पडलात तर शाफ्ट २५ चा घ्यावा लागेल आणि टेबल पिळणार नाही असं करणं अवघड जाईल.

दोन्हीकडे ३ इंची पुली घातली की ड्रम १४४० नेच फिरेल. घासून तो १०५ च्या आसपास येईल, म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला साधारण ८ मीटर. हाताने फळी सरकवायला हा वेग बरा. यापेक्षा जोरात फिरवलात तर लाकूड करपण्याची शक्यता वाढते.

आता टेबल. २ थर १८ मिमी प्लायवूड, एकावर एक चिकटवलेले, वरून सनमायका. तुम्ही उभे राहता त्या बाजूला लांब पियानो बिजागरी आणि पलीकडच्या टोकाला एम१० चा थ्रेडेड रॉड. ड्रम बिजागरी आणि रॉडच्या बरोबर मधोमध ठेवा. एम१० चा पिच (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) १.५ मिमी, म्हणजे रॉडचा पाव फेरा दिलात की रॉडपाशी टेबल ०.३७ मिमी उचललं जातं आणि ड्रमखाली त्याच्या निम्मं, ०.१९ च्या आसपास. एका वेळचा कट एवढाच, शेवटी शेवटी त्याच्याही निम्मा. टेबल तिरकं होतं म्हणून घाबरू नका. बिजागरी ड्रमशी समांतर असली की जाडी सगळीकडे सारखीच येते.

ड्रम गोल करताना सनमायका लावलेल्या सपाट फळीवर ६० नंबरचा पेपर चिकटवा, ड्रमवर खडूने आडव्या रेघा मारा, मोटर चालू करा आणि फळी टेबलावर डावी-उजवीकडे हलवत राहा. टेबल केसभर वर घ्या, परत हलवा. पहिल्यांदा खडू मधेमधे तुटक पुसला जाईल. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम पुसला गेला की थांबा. मग एकाच रिपेचे दोन तुकडे घ्या, एक ड्रमच्या डाव्या टोकाखालून आणि एक उजव्या टोकाखालून पास करा, आणि व्हर्नियरने मोजा. ०.०५ चा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर परत घासा.

तुमच्याकडे कोकणातली हवा, एमडीएफ पाणी धरतं. घासून झाल्यावर ड्रमला सँडिंग सीलरचे हात द्या, चकत्यांच्या टोकांनाही. पावसाळा संपला की खडूची परीक्षा पुन्हा घ्यायची.

वेल्क्रो लावू नका. त्याची गादी मऊ असते. फळी आत शिरताना आणि बाहेर पडताना ती दबते आणि दोन्ही टोकं जास्त खाल्ली जातात. १५ मिमीच्या फळीत ते दिसत नाही, २ मिमीच्या फळीत बोटाला लागतं. कापडी पाठीचा ७५ मिमी रुंद रोल घ्या, ८० नंबर, आणि मळसूत्रासारखा गुंडाळा. सुरुवातीच्या टोकाला तिरका काप द्यायचा, त्या कापाची लांबी बरोबर ड्रमच्या घेराएवढी. १०५ च्या ड्रमचा घेर ३३० मिमी. एवढं जुळलं की पट्टी आपोआप योग्य कोनात बसते, फट पडत नाही आणि एकावर एकही चढत नाही. दोन्ही टोकांना फिलामेंट टेपचे वेढे द्या. गुंडाळण्याची दिशा अशी ठेवा की ड्रम फिरताना पेपर आवळला जाईल.

सागवानप्रेमी, नाशिक

काकांची माहिती उत्तम, पण वेल्क्रोबद्दल माझं मत वेगळं आहे. मी सागाच्या पातळ पट्ट्यांचे ट्रे आणि डबे बनवतो. सागाच्या तेलाने पेपर भराभर चोंदतो, आणि वेल्क्रोमुळे तो मिनिटात बदलता येतो. टोकं खाल्ली जातात हे खरं आहे. त्यासाठी मी फळी दोन्हीकडे ५० मिमी जास्त लांब ठेवतो आणि नंतर कापून टाकतो. चोंदलेल्या पेपरवर क्रेप रबराच्या जुन्या चपलेचा सोल चालत्या ड्रमवर हलका धरला तर पेपर बराच स्वच्छ होतो, हे कुठलाही पेपर वापरा तरी करून बघा.

आणि धुळीचं आत्ताच ठरवा, मशीन झाल्यावर नको. ड्रमवर प्लायवूडचं झाकण, त्याला ४ इंची पाइप, पुढे डस्ट कलेक्टर. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक यादीत पहिल्या गटात आहे, आणि ड्रमची धूळ रंध्याच्या भुशासारखी खाली पडत नाही, हवेत तरंगत राहते. कलेक्टर असला तरी एन९५ मास्क लावाच.

तरफदार, मिरज

एक गोष्ट वाद्याच्या बाजूने. मी सतारमेकर गल्लीच्या जवळच राहतो. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ती कारागिरी रोज डोळ्यांसमोर आहे. सतारीची तबली (भोपळ्यावरची पातळ फळी) तुनाच्या लाकडाची असते आणि कारागीर ती बोटाने वाजवून, आवाज ऐकत हाताने उतरवतो. सगळीकडे एकच जाडी हे तिथे ध्येय नसतंच. म्हणून युकुलेलेची वरची फळी तरी ड्रमवर शेवटच्या मापापर्यंत नेऊ नका. ०.३ मिमी राखा आणि उरलेलं स्क्रेपरने, टिचकी मारून ऐकत काढा. पाठ आणि बाजू खुशाल मशीनवर पूर्ण करा.

फणसफळी, कुडाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. वेल्क्रोचा विचार सोडला, चकत्या उद्याच कापायला घेतो. काका, दोन शंका आहेत. फळी हाताने आत ढकलायची तर २ मिमीची फळी वाकणार नाही का? आणि ती कुठल्या बाजूने घालायची?

टर्नरकाका, इचलकरंजी

भाऊ, सुटी फळी कधीच घालायची नाही. १२ मिमी एमडीएफचा पाट करा, फळीपेक्षा हातभर लांब, आणि त्यावर फळी ठेवा. ड्रमचा खालचा भाग तुमच्याकडे फिरत आला पाहिजे आणि फळी त्याच्या विरुद्ध आत जायला हवी. उलट बाजूने घातलीत तर ड्रम ती हातातून हिसकावून पलीकडे फेकेल. विरुद्ध दिशेने घातली की ड्रम फळीला तुमच्या अंगावर लोटतो, म्हणून पाटाच्या तुमच्याकडच्या टोकाला १ मिमीची पट्टी चिकटवा, फळी तिला टेकून राहील. पट्टी फळीपेक्षा पातळच हवी, नाहीतर ड्रम तीच खाईल. पाटावर १२० चा पेपर चिकटवला तर फळी बाजूलाही सरकत नाही. खालच्या अंगाला त्याचे ओरखडे दिसले तर शेवटच्या पासला पाटावरचा पेपर काढून दुहेरी टेप वापरा.

फळी ओढणारा पट्टा-बिट्टा नको. हात पाटाच्या मागच्या टोकावर ठेवा, ड्रमच्या दिशेला बोटं कधी नेऊ नका, आणि मधे थांबू नका. थांबलात की तिथे ड्रमच्या आकाराचा खड्डा पडतो. एकाच सेटिंगवर दोनदा पास करा, दुसऱ्यांदा आवाज जवळजवळ बंद झाला की मगच रॉड फिरवा.

हातमोजे घालू नका, बाह्या वर घ्या, आणि फळीच्या सरळ मागे न राहता थोडं बाजूला उभे राहा. पुली-पट्ट्याला जाळीचं झाकण आणि हाताशी स्टॉप बटण बसवल्याशिवाय पहिली फळीसुद्धा घालू नका. पहिला ड्रम गोल करताना अडलात तर फोटो टाका, मी बघतो.