क्लार्कच्या कादंबऱ्या राहू द्या, आधी लेख वाचा

निर्वात
विज्ञानकथा लेखक आर्थर सी. क्लार्कचं भविष्यातल्या तंत्रज्ञानावरचं लेखांचं पुस्तक 'प्रोफाइल्स ऑफ द फ्यूचर' (१९६२) नुकतंच दुसऱ्यांदा वाचून संपवलं. एक मत पक्कं झालंय, ते मांडते. झोडपायला मोकळीक आहे.

क्लार्कचे लेख त्याच्या कादंबऱ्यांपेक्षा सरस आहेत. कादंबऱ्यांतली माणसं पुठ्ठ्याची, हे त्याचे चाहतेही खाजगीत कबूल करतात. लेखांत मात्र तो स्वतः बोलतो. गप्पिष्ट, जरा आढ्यतेखोर, पण आकडेमोड करून मगच तोंड उघडणारा.

'वायरलेस वर्ल्ड' या रेडिओ-तंत्राच्या मासिकाच्या ऑक्टोबर १९४५ च्या अंकातला लेख घ्या. युद्ध नुकतंच संपलंय, लेखक ब्रिटिश हवाई दलात रडारचं काम करणारा २७ वर्षांचा अधिकारी. तो सांगतो की विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किमी उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरेल, म्हणजे खालून एकाच जागी टांगल्यासारखा दिसेल. असे तीन ठेवले की जवळजवळ सगळं जग प्रक्षेपणाच्या टप्प्यात. पहिला कृत्रिम उपग्रह, स्पुटनिक, उडायला तेव्हा अजून १२ वर्षं होती.

पण मला खरं कौतुक आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. लेखात खोटं पडायची सोय असते. कादंबरीकार 'अहो, कल्पना होती ती' म्हणून सुटतो, लेखात साल लिहिलं की मान अडकली. क्लार्क ती मुद्दाम अडकवून घेतो. 'प्रोफाइल्स'मध्ये त्याने चक्क तक्ता दिलाय: १९८० च्या सुमारास ग्रहांवर माणूस, १९९० च्या सुमारास अणुसंमीलनातून ऊर्जा. सपशेल आपटला. तरी भाकितं का चुकतात याची त्याने केलेली फोड आजही कामाची आहे. एक चूक हिमतीची: सगळी माहिती हाताशी असते, पण ती जिथे नेते तिथे जायचं धाडस होत नाही. सायमन न्यूकम यांच्यासारखा मोठा खगोलशास्त्रज्ञ विमानाची शक्यता मोडीत काढत होता, ती ही चूक. दुसरी कल्पनेची: कळीची गोष्ट अजून सापडलेलीच नसते. तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही, असं फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कॉम्तने १८३५ मध्ये लिहिलं. पुढे पाव शतकातच ताऱ्यांच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून ते कळू लागलं.

तिरकस
साफ असहमत. लागलेले बाण मोजायचे आणि चुकलेले गवतात सोडून द्यायचे, असा हा हिशेब आहे.

१९४५ चा लेख मुळातून वाचलात का? त्यातले उपग्रह म्हणजे माणसं राहतील अशी स्थानकं आहेत. त्या काळची यंत्रणा काचेच्या नळ्यांसारख्या व्हॉल्व्हवर चालायची, ते जळले की बदलायला कुणीतरी हवंच. त्यांची जागा घेणारा ट्रान्झिस्टर आला डिसेंबर १९४७ मध्ये. म्हणजे कक्षा बरोबर, उपग्रह चूक. आणि ती कक्षासुद्धा अभियंता हेर्मान पोटोच्निकच्या १९२८ मधल्या पुस्तकात आधीच होती.

'प्रोफाइल्स'मध्ये हॉवरक्राफ्टवर तर त्याने अख्खं प्रकरण खर्ची घातलंय. चाकाचे दिवस भरले, आता हवेच्या उशीवर बसून जमीन काय नि पाणी काय! मी अजून चाकांवरच फिरतोय.

आणि ती खोटं पडायची सोय? तक्ता चुकला म्हणून मानधन परत केल्याचं ऐकिवात नाही. उलट पुढची सुधारित आवृत्ती निघाली.

निर्वात
@तिरकस, व्हॉल्व्हचं उदाहरण माझ्याच पथ्यावर पडतंय की. ट्रान्झिस्टर ठाऊक नसल्यामुळे झालेली चूक ही त्याच्याच वर्गवारीतली दुसरी. पोटोच्निकचा मुद्दा मान्य, पण त्याला तिथे हवं होतं ते माणसांचं स्थानक. जगभरच्या प्रक्षेपणाचं जाळं ही क्लार्कची भर. (पेटंट घेतलं नाही म्हणून स्वतःचीच टर उडवणारा एक लेख त्याने नंतर लिहिलाय. मिळाला तर सोडू नका.)

उंबरठा
मला दोघांचंही पटत नाही. भाकीत लागलं की चुकलं हा निकषच लंगडा आहे.

१९६४ मध्ये बीबीसीवर क्लार्क म्हणाला होता की एडिंबरातला शल्यविशारद न्यूझीलंडमधल्या रुग्णाच्या मेंदूची शस्त्रक्रिया करू शकेल. आता पाहा: सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या डॉक्टरांनी यंत्रमानवाच्या हातांनी स्ट्रासबर्गमधल्या रुग्णाचं पित्ताशय काढलं. तंत्र जमलं. पण त्याच कार्यक्रमात तो म्हणत होता की संपर्क इतका सोपा झाला की शहरांची गरजच उरणार नाही. शहरं मात्र फुगतच गेली. का? माणसं शहरात निव्वळ संदेश पोचवायला जमत नाहीत. जे करता येईल ते लोक करतीलच, हे त्याचं गृहीतक आहे आणि ते तो कधी तपासत नाही. घरकामाला माकडं तयार करायची कल्पनाही तिथलीच. त्यातही त्याला अडचण दिसली ती एवढीच, की माकडं कामगार संघटना काढतील. विनोद म्हणून ठीक.

याच्याशेजारी दुसरा विज्ञानकथा लेखक आयझॅक अ‍ॅसिमोव्ह याचा लेख ठेवा. तोही १९६४ चाच, न्यूयॉर्क टाइम्समधला, २०१४ बद्दलचा. यंत्रमानव तेव्हा फारसे नसतील आणि असतील तेही फार चांगले नसतील, असं तो लिहितो. मग म्हणतो की माणसाला कंटाळ्याचा रोग जडेल आणि मानसोपचाराला महत्त्व येईल. इथे निदान माणूस आहे! शिवाय त्याचं खरं काम भविष्य सांगणं हे नाहीच. एका विज्ञानकथा मासिकात १९५८ पासून त्याने ३९९ विज्ञानलेख लिहिले. एखादी गोष्ट आपल्याला कशी कळली, कुठे कुठे चुकत कळली, हे सांगणारे. ललितेतर लेखनात मला तोच उजवा वाटतो.

तिरकस
त्याच लेखात चंद्रावरच्या वसाहतींशी गप्पा मारणारी माणसंही आहेत बरं का. तुम्हीही गवतातले बाण गवतातच ठेवलेत.

उंबरठा
मारला टोला. मान्य.

जुना_वाचक
क्लार्कला माणूस दिसतच नव्हता, हे जरा अन्यायाचं होतंय. उपग्रहाचा उपयोग गरीब देशांत शिक्षणासाठी व्हावा, हे तो लेखांतून आणि भाषणांतून सतत सांगत होता. ते घडलंही. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी घेऊन आपल्याकडे 'साइट' हा उपग्रहावरून टीव्ही-शिक्षणाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं, गावात सगळ्यांत मिळून एक टीव्ही संच, शेती-आरोग्याचे कार्यक्रम. क्लार्क तेव्हा कोलंबोत राहायचा. इस्रोच्या लोकांनी त्याच्या घरी खास अँटेना बसवून दिली. तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली कल्पना स्वतःच्या गच्चीवर उतरलेली पाहायला किती लेखकांना मिळतं?

उंबरठा
सुंदर आठवण. पण काका, 'साइट' उभा राहिला तो विक्रम साराभाईंनी १९६९ मध्ये नासाशी करार केला म्हणून, आणि पुढे शेकडो अभियंत्यांनी गावोगाव संच चालू ठेवले म्हणून. संच बिघडला की जीप कोण पाठवणार, हा प्रश्न क्लार्कच्या लेखांत कधी येतच नाही. माझी तक्रार तेवढीच आहे.

निर्वात
जीपचा मुद्दा माझ्याकडे निरुत्तर. तो खरंच येत नाही. 'कादंबऱ्यांपेक्षा सरस' यावर मात्र मी ठाम आहे.

अवांतर: 'पुरेसं प्रगत तंत्रज्ञान जादूपेक्षा वेगळं ओळखता येत नाही' हे वाक्य जो तो फेकतो. १९६२ च्या आवृत्तीत ते नाहीच. क्लार्कच्या तीन नियमांतला तिसरा म्हणून ते १९७३ च्या सुधारित आवृत्तीत आलं. तेवढं एक वाक्य वाचून पुस्तक वाचल्याच्या थाटात बोलणारे बरेच भेटतात. नव्याने वाचणाऱ्यांनी पहिली दोन प्रकरणं वाचावीत. हॉवरक्राफ्ट गाळलंत तरी चालेल.

तिरकस
मी हॉवरक्राफ्टपासूनच सुरू करणार.