पियानो, डबल बास आणि ड्रम्स: गायनाविना आधुनिक जॅझ त्रयीची ध्वनिमुद्रणे कशी शोधावीत?

प्रश्न

बिल इव्हान्स (पियानो), स्कॉट लाफारो (बास) आणि पॉल मोशन (ड्रम्स) यांचे २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये झालेले ध्वनिमुद्रण मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. तिथे बास नुसता ठेका धरत नाही, तो पियानोशी बरोबरीने बोलतो. मला नेमके तेच हवे आहे, मात्र गेल्या २५-३० वर्षांतले. ‘जॅझ पियानो’ असे शोधले की एक तर गायिकेला साथ करणारा पियानो समोर येतो, नाहीतर वाचताना मागे लावून ठेवण्यासाठी केलेले, वादकांची नावेही न दिलेले गुळगुळीत संगीत. शोध कुठून सुरू करावा?

उत्तर १

केवळ पियानोवादकाच्या नावाने शोधू नका. तोच वादक एकल वादनात आणि मोठ्या संचातही वाजवत असतो. त्रयी हवी असेल तर बासवादक आणि ड्रमवादक यांची नावे सोबत घ्यावीत. ब्रॅड मेलडाऊ, लॅरी ग्रेनेडियर आणि होर्हे रॉसी यांच्या ‘द आर्ट ऑफ द ट्रिओ’ या मालिकेचे पाच भाग १९९७ ते २००१ या काळात आले. त्यांतला दुसरा भाग आपल्या आवडत्या व्हॅनगार्डमध्येच मुद्रित झालेला आहे, म्हणून आरंभ तिथून करावा असे मी सुचवेन. मेलडाऊ यांचा डावा हात उजव्याला साथ देण्यावर थांबत नाही, स्वतःची वेगळी सुरावट चालवतो.

उत्तर २

ध्वनिमुद्रिका कोणत्या संस्थेने काढली, हेही पाहावे. मानफ्रेड आयशर यांनी १९६९ मध्ये म्यूनिकला सुरू केलेल्या ईसीएमच्या यादीत अशा त्रयी विपुल आहेत. पियानोवादक टूर्ड गुस्तावसेन यांचे ‘चेंजिंग प्लेसेस’ (२००३) इतके संथ आहे की दोन स्वरांमधली शांतताही ऐकावीशी वाटते. कीथ जॅरेट, गॅरी पीकॉक आणि जॅक डीजॉनेट यांची त्रयी तर १९८३ पासून तीन दशके टिकली. या मुद्रणांत जॅरेट वाजवताना मोठ्याने गुणगुणतात, याची मात्र तयारी ठेवा.

उत्तर ३

संथपणा ही एकच वाट नव्हे. स्वीडनच्या एस्ब्यॉर्न स्वेन्सन त्रयीत डान बेरिलुंड डबल बास गजाने वाजवून त्याचा नाद यंत्राच्या साहाय्याने इलेक्ट्रिक गिटारसारखा खरखरीत करत असत. २००८ मध्ये स्वेन्सन यांचे अपघाती निधन झाले, हे या संगीताचे फार मोठे नुकसान होय. विजय अय्यर यांचे ‘अनईझी’ (२०२१) मी आग्रहाने सुचवतो. लिंडा मे हान ओ यांचा बास आणि टायशॉन सोरी यांचे ड्रम्स तिथे पियानोइतकेच पुढे आहेत.

प्रश्नकर्ता

पहिल्या उत्तराप्रमाणे पॉल मोशन यांचेच नाव घेऊन पुढच्या काळात शोधले, तेव्हा पियानोवादक मॅरिलिन क्रिस्पेल आणि गॅरी पीकॉक यांच्यासह केलेले ‘अ‍ॅमरिलिस’ (२००१) सापडले. चाळीस वर्षांनंतरही त्यांच्या झांजांचा तो स्पर्श लगेच ओळखू आला. आज रात्री ते पुन्हा पहिल्यापासून ऐकणार आहे.